'विकार' आणि 'वध'

मागच्या खेपेला आपण भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पाशी थांबलो होतो. १८४३, सांगली. त्या काळच्या पौराणिक खेळांत राक्षस आरडाओरडा करत यायचे आणि मारले जायचे. राक्षस मेला म्हणून कुणाला हळहळ वाटली नाही. एवढं ध्यानात ठेवा. आज आम्हाला सूडाबद्दल बोलायचं आहे.

दोन नाटकं घेऊ. एक, सातारा जिल्ह्यातल्या टेंभूच्या आगरकरांनी केलेलं 'हॅम्लेट'चं भाषांतर, 'विकारविलसित', १८८३. शाहूनगरवासी मंडळीत (शाहूनगर म्हणजे सातारा, बरं का) गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. दुसरं, आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचं 'कीचकवध', १९०७.

पेच दोन्हीकडे एकच. गुन्हेगार राजाच्या घरातलाच असला, तर फिर्याद न्यायची कुठे? किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'तला हिएरोनिमो स्वतः न्यायाधीश. त्यालाच मुलाच्या खुनाचा न्याय मिळत नाही. विराटाच्या दरबारात द्रौपदीची गत तीच. कीचक सेनापती, वर राणीचा भाऊ. तो भर सभेत लाथ मारतो आणि युधिष्ठिर तिला गप्प राहायला सांगतो. दिरंगाईही दोन्हीकडे आहे. पण हॅम्लेटची आतली, पांडवांची अज्ञातवासाच्या अटीची. ओळख फुटणार नाही एवढी सोय झाली, की भीमाला थांबायचं कारण उरत नाही.

आता शीर्षकं पाहा. आगरकर बुद्धिवादी, त्यांनी या सगळ्याला विकार म्हटलं. खाडिलकर म्हणतात वध. खून माणसाचा होतो, वध राक्षसाचा. हा शब्द आधीच निकाल देऊन मोकळा होतो. हॅम्लेट मरतो, हिएरोनिमो मरतो. भीम मात्र हात धुऊन विराटाच्या मुदपाकखान्यात परत जातो.

खाडिलकरांना हे कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. 'सवाई माधवरावाचा मृत्यू'त हॅम्लेटची सावली ज्यानं आणली, त्याला सूडाची किंमत ठाऊक होती. त्यांनी ती जाणूनबुजून बाजूला ठेवली. कीचक म्हणजे कर्झन आणि द्रौपदी म्हणजे देश, हे पिटातल्या माणसालाही समजत होतं. कर्झनसाठी हळहळणारा प्रेक्षक त्यांना नकोच होता.

आणि मग नाशिक. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन 'शारदा' पाहायला आलेले. नाटक आपल्या हरिपूरच्या देवलांचं, त्यात सूडाचं नावही नाही. अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. १९१० साली 'कीचकवध'वर बंदी आली. नाटकानं पिस्तूल झाडलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्याच वर्षी १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरेला फाशी झाली. कोवळा पोर. त्याच्या वाट्याला भीमाचा मुदपाकखाना आला नाही. त्या मुलाचा शेवट 'विकारविलसिता'च्या जातीचा आहे, आणि 'कीचकवध' वाचताना आम्हाला तो आता विसरता येत नाही.

गंमत अशी, की व्यास वधापाशी थांबत नाहीत. १०५ उपकीचक सूडापोटी सैरंध्रीला कीचकाच्या चितेवर जाळायला नेतात. भीमाला पुन्हा धावावं लागतं, तेवढेही मारावे लागतात. हे किडच्या हाती लागतं तर त्यानं शेवटचा अंक त्यावरच उभा केला असता.

पुढच्या वेळी 'भाऊबंदकी', १९०९. वाचून या. लेखक तेच, पण तिथे वध नाही, खून आहे. आणि रामशास्त्री आहे.