उजेडाची जागा

ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, चित्रप्रदर्शनाचेंही होतें. परंतु ज्या कृतींत माणूस आपलें निम्में आयुष्य घालवितो, त्या घराच्या मांडणीचें परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. ती खासगी बाब समजून पाहुणा स्तुतीचे दोन शब्द बोलतो, चहा घेतो आणि उठतो. वास्तविक नव्या घरांत गेलेलें कुटुंब भिंतीस कोणता रंग देतें, खिडकीपाशीं काय मांडतें आणि कोणती वस्तु आड ठेवतें, यावरून त्याची अभिरुचि तर कळतेच. शिवाय त्या घरांत कोणाला किती मान आहे, हेंही कळून येतें. म्हणून सोलापूरच्या भवानी पेठेंतील एका नव्या घराविषयीं येथें लिहावयाचें योजिलें आहे. घरधन्याच्या संमतीनेंच लिहीत आहें. नांव मात्र मुद्दाम देत नाहीं.

घरधनी चित्रकलेचे शिक्षक आहेत व घराणें पद्मशाली विणकरांचें. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणांतून जीं विणकर कुटुंबें सोलापुरांत येऊन स्थिरावलीं, त्यांच्या वस्तीच्या पेठांपैकींच ही एक. १८७७ सालीं शहरांत पहिली कापडगिरणी उभी राहिली, तरी घरचा माग बंद पडला नाहीं. पुढें हातमागाची जागा बहुतांशीं यंत्रमागानें घेतली आणि सोलापुरी चादर देशभर गेली. विणकराच्या जुन्या घरांत माग हीच मुख्य वस्तु असे. खड्डामागावर विणकर जमिनींत पाय सोडून बसे. उजेड जेथें चांगला पडे तेथें माग, आणि उरलेल्या जागेंत संसार. तुटलेला धागा डोळ्यांस तत्काळ दिसला पाहिजे, ही त्या रचनेची पहिली अट. शोभेचा विचार तेथें फारसा कोणी केला नसेल. पण प्रकाशाचा विचार केला होता, आणि चित्रकाराच्या दृष्टीचा आरंभ प्रकाशापासूनच होतो.

आमच्या शिक्षकांचें जुनें घर चार गल्ल्या पलीकडे होतें. तें सोडतांना वडिलांचा माग मोडीत गेला. नव्या घरांत आल्यावर त्यांनीं पंधरा दिवस भिंतींना रंगाचा हात लावूं दिला नाहीं. सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीस ते प्रत्येक खोलींत नुसते बसून राहत. रंग ठरविण्यापूर्वीं हातभर लांबीचे पट्टे निरनिराळ्या भिंतींवर ओढून पाहिले. कारण दुकानांतील कागदावरचा रंग आणि पश्चिमेच्या उन्हांतला रंग एक नव्हे. सोलापुरांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा गांवीं पश्चिमेच्या खोलीस दुकानदारानें सुचविलेला नारिंगी रंग त्यांनीं नाकारला आणि किंचित् निळसर झांक असलेला पांढरा निवडला. दारापुढें चकचकीत फरशी न घालतां खरखरीत शहाबादी ठेवली. तिच्यावर आईच्या हातचे रांगोळीचे ठिपके नीट उठतात. बैठकीची एक भिंत अगदीं मोकळी सोडली. ही मोकळी भिंत मला सर्वांत आवडली. भरलेल्या घरांत डोळा कोठें टेकावा, हें ठरविण्यास सजविण्यापेक्षां अधिक धैर्य लागतें.

येथवर सर्व स्तुतीचें झालें. आतां दोष सांगितला पाहिजे.

बैठकीस पूर्वेची मोठी खिडकी आहे. घरांतील उत्तम उजेड तोच. खिडकीपाशीं पाहुण्यासाठीं वेताची खुर्ची मांडली आहे आणि समोरच्या भिंतीवर, कांचेच्या चौकटींत, वडिलांनीं विणलेली शेवटची चादर लाविली आहे. चादर फार सुंदर आहे. परंतु कांचेवर खिडकीचेंच प्रतिबिंब पडतें आणि सुताचा पोत मुळींच दिसत नाहीं. मी चौकटीपुढें उभा असतां शिक्षकांच्या आई आंतून आल्या व म्हणाल्या, “पांघरायला विणली होती त्यांनीं. आतां तीच कांच पांघरून बसलीय.”

“आई, माग मोडीत गेला,” शिक्षक म्हणाले. “ही फाटली तर दुसरी कोण विणणार?”

दोघांपैकीं एकाचेंही बोलणें खोटें नव्हतें. वापरांत राहील तेंच वस्त्र जिवंत, हें आईंचें म्हणणें. जें पुन्हां निर्माण होणार नाहीं तें जपलें पाहिजे, हें मुलाचें. माझा आक्षेप जपण्यास नाहीं, जागेस आहे. कापडाचा रंग प्रकाशानें उडतो. संग्रहालयांतून जुनीं वस्त्रें सुमारें ५० लक्स इतक्या मंद उजेडांत ठेवितात. म्हणजे ज्या प्रकाशानें त्या चादरीचा मान वाढावा अशी योजना केली, तोच तिचा घात करणार. आणि दुसरें कारण याहून मोठें आहे. निरोप घेतांना स्वयंपाकघराच्या बोळांत माझी नजर गेली. आई तेथें मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसल्या होत्या. भर दुपारीं त्यांच्या डोक्यावर विजेचा दिवा जळत होता.

इंग्लंडांतील विल्यम मॉरिस याचें उदाहरण गृहसजावटीच्या प्रसंगीं नेहमीं दिलें जातें. १८६० सालीं तो ‘रेड हाऊस’ या नव्या घरांत राहावयास गेला. बाजारांतील सामान मनास येईना, म्हणून मित्रांच्या साह्यानें त्यानें घर स्वतःच सजविलें आणि पुढल्या वर्षीं त्या उद्योगांतून एक पेढीच निघाली. मला मात्र त्याच्या पुढच्या घराची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १८७८ सालीं हॅमरस्मिथच्या घरीं गेल्यावर त्यानें निजावयाच्या खोलींत माग उभा केला, आणि १८७९ सालीं त्यावर भिंतीवर लावावयाचा आपला पहिला पट विणला. त्यास ५१६ तास लागले. संपन्न माणसाचा हौसेचा माग आणि भवानी पेठेंतला पोटाचा माग यांची बरोबरी होऊं शकत नाहीं. तरी घर सजविणें म्हणजे घरांत हाताच्या कामाला जागा देणें, हें त्यानें ओळखलें होतें. आमच्या शिक्षकांच्या वडिलांना तें कोणीं सांगावें लागलें नाहीं. मुलानें वडिलांची कृति जपली, पण वडिलांची दृष्टि जुन्या घरींच राहिली. त्या दृष्टीनें उत्तम उजेड काम करणाऱ्याचा असतो. पाहुण्याचा नव्हे आणि स्मृतिचिन्हाचाही नव्हे. हें मी त्यांना तेथेंच सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. २०२४ च्या जानेवारींत सोलापूरजवळ कुंभारी येथील रे नगरांत १५,००० घरें श्रमिकांस देण्यांत आलीं. त्यांत विडी वळणाऱ्या स्त्रियाही आहेत आणि मागावर राबणारेही आहेत. नवी भिंत मिळाली कीं तिच्यावर काय लावावें, हा विचार प्रथम सुचतो आणि तो स्वाभाविक आहे. पण त्याआधीं दिवसभर खोलींत बसून ऊन कोठून येतें तें पाहावें, आणि त्या उजेडांत कोणाचे हात असावेत, हें ठरवावें. रंग आणि चित्रें मागाहून येतील.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हां त्या घरीं गेलों. चादरीवरची कांच तशीच होती. त्या बाबतींत मुलानें हार मानली नव्हती. परंतु चौकट आंतल्या सावलीच्या भिंतीवर गेली होती. पूर्वेच्या खिडकीपाशीं खुर्ची नव्हती. तेथें चटई अंथरली होती, चटईवर सूप होतें, आणि बोळांतला दिवा बंद होता.