पाकरीतीचा प्रश्न : वाशीमच्या ताटाच्या निमित्ताने

‘वऱ्हाडी जेवण’ हा शब्दप्रयोग मराठी लेखनात आता इतका रूढ झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. कोल्हापुरी, मालवणी, खानदेशी, नागपुरी अशी जी प्रादेशिक नावे पदार्थांच्या मागे लावली जातात, त्यांच्यातलेच हे एक. परंतु प्रदेशाचे नाव एखाद्या गुणाला का आणि कसे चिकटते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित असू नये. आपल्या काव्यशास्त्रात तो वैदर्भी, गौडी व पांचाली या रीतींच्या संदर्भात फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि त्याला मिळालेली उत्तरे अन्नविषयक लेखन पारखण्यासही उपयोगी पडतील असे मला वाटते.

वामनाने ‘काव्यालंकारसूत्रवृत्ती’मध्ये स्वतःच शंका उपस्थित केली आहे. द्रव्यांचे गुण जसे देशपरत्वे उत्पन्न होतात, तसे काव्याचे गुणही देशामुळे उत्पन्न होतात काय? त्याचे उत्तर नकारार्थी आहे. विदर्भादी देशांतील कवींच्या ठिकाणी ती रीती शुद्ध स्वरूपात आढळली म्हणून तिला ते नाव मिळाले, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे. कुंतकाला तेवढेही मान्य नाही. देशभेदाने रीतिभेद मानावयाचे तर देश अनंत, म्हणून रीतीही अनंत होतील, असा त्याचा आक्षेप; मामेबहिणीशी विवाह करण्यासारखे आचार देशधर्म म्हणून सांगता येतात, काव्यरचनेचे तसे नाही, असेही तो बजावतो. हे दोघेही काश्मीरचे. विदर्भ त्यांच्या दृष्टीने नकाशावरचा दूरचा प्रांत होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

वामनाच्या शंकेतच एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : द्रव्याचे गुण देशावर अवलंबून असतात. अन्न हे तर प्रथमतः द्रव्यच. तेव्हा काव्याला जे प्रादेशिक नाव केवळ उपचाराने मिळते, ते अन्नाला अधिकाराने मिळावे. ‘वऱ्हाडी’ हे विशेषण या कसोटीस उतरते काय, हे पाहण्यासाठी वाशीम जिल्ह्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. राजशेखराने काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह ‘काव्यमीमांसे’त येथेच लावला, आणि ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणून याच नगराच्या नावाने संबोधिले. त्याच राजशेखराने देशपरत्वे बदलणाऱ्या गोष्टी सांगताना वेष, विलास आणि वचन यांचे विन्यास मोजले, म्हणजेच प्रवृत्ती, वृत्ती व रीती. भोजनाचा विन्यास त्याने मोजला नाही. इतके थोर लग्न लागले, पण पंक्तीत काय वाढले ते कोणी लिहून ठेवले नाही.

आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीतही वाशीम नावाचा जिल्हा होता; तो १९०५ मध्ये मोडला गेला. त्यामुळे १९१० च्या अकोला गॅझेटिअरमधील लोकांच्या आहाराचे वर्णन वाचताना वाशीमचा अभ्यासक पेचात पडतो. अकोला-अमरावतीचा पूर्णाकाठ म्हणजे पयानघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरील वाशीमचे पठार म्हणजे बालाघाट, हा वऱ्हाडातला जुना भेद आहे. ‘वऱ्हाडी’ म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा पयानघाटाचे असते. रिसोडकडचा मनुष्य पैनगंगा ओलांडली की हिंगोलीत, म्हणजे १९४८ पर्यंतच्या निजामी मुलखात, आणि आजच्या मराठवाड्यात जातो. नदीच्या दोन्ही काठांवर भाकरी तीच, ठेचा तोच. ग्रंथात मात्र एक काठ वऱ्हाडी आणि दुसरा मराठवाडी.

रोडग्याचेच उदाहरण घ्यावे. जाडसर कणकेचे थर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर, वर तूप घालून, उघड्यावर पंक्ती बसवून खायचे, हा वाशीमकडे नवसाचा व गावजेवणाचा थाट. वऱ्हाडी जेवणाचे खास लक्षण म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो. परंतु रोडगा वाहण्याचा नवस पैठणच्या एकनाथांच्या भारुडात आहे. माळवा-राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही त्याच कुळातली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थस्थान. त्या समाजाच्या गोरबोलीत ‘बाटी’ म्हणजे रोजची भाकर. एकच शब्द उत्तरेकडून आला आणि तांड्यावर येऊन सणाचा न राहता रोजचा झाला. रोडग्याला वऱ्हाडी म्हणण्यास हरकत नाही, पण ते वामनाच्या अर्थाने : येथे आढळतो म्हणून.

शब्दांच्या बाबतीत वऱ्हाडचे वेगळेपण अधिक खरे आहे, आणि आमच्या पाकग्रंथांनी त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा केली आहे. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकाला त्या शब्दाने दाक्षिणात्य आमटी आठवते. बटाटा हा आलू, टोमॅटो हे भेदरे, आणि पिठल्याला अनेक घरांत चून किंवा नुसते बेसनच म्हणतात. आमरसाबरोबर खावयाचे सरगुंडे, कढीत टाकायचे गोळे, वाफवलेले फुणके, पळसाच्या पानात भाजलेले पानगे, रानातला तरोटा व कटुरले, ही नावे ज्या घरात बोलली जातात तेथे त्यांचे स्पष्टीकरण लागत नाही; आणि ज्या ग्रंथात ती यावयास हवीत तेथे ती बहुधा येत नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या ग्रंथांची योग्यता मी कमी लेखीत नाही. वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवून ‘रुचिरा’ने परगावी संसार मांडलेल्या दोन पिढ्यांना सावरले आहे. पण धुरंधरांचे स्वयंपाकघर मुंबईच्या पाठारे प्रभूंचे, ओगल्यांचे सांगलीकडील ब्राह्मण कुटुंबाचे. ज्याला आपण ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणतो, त्याचा साचा अशा दोन-चार स्वयंपाकघरांतून तयार झाला आणि उरलेला महाराष्ट्र ‘प्रादेशिक’ ठरला. शास्त्रग्रंथांतही असेच घडत असते. व्याकरण एका बोलीचे लिहिले जाते आणि इतरांना अपभ्रंश म्हणतात.

या साच्यावर सर्वांत समर्थ आघात शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने केला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या आहाराची नोंद करताना त्यांनी दाखविले की, एकाच गावात दोन स्वयंपाकघरांमधले अंतर दोन प्रांतांमधल्या अंतराहून मोठे असू शकते. हा कुंतकाच्या आक्षेपाचाच, त्याला न सुचलेला, सामाजिक विस्तार म्हणता येईल. वाशीम जिल्ह्यात त्याचा पडताळा सहज येतो. कारंजा हे जैनांचे जुने विद्याकेंद्र. तेथील अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत १९३२ मध्ये हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘सावयधम्मदोहा’ हा अपभ्रंश ग्रंथ श्रावकाच्या आचाराचा. मद्य, मांस, मध आणि उंबर-वडासारखी पाच फळे वर्ज्य मानणारा हा आचार. त्याच जिल्ह्यात तांड्यावर बकऱ्याच्या रक्ताची सळोई शिजते, आणि ती आवडीने खाल्ली जाते. या दोन चुलींना एकच ‘वऱ्हाडी’ विशेषण लावणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे.

तथापि जात हेच सर्व भेदांचे मूळ, असे म्हणून थांबणेही मला पुरेसे वाटत नाही. या दोन्ही चुलींवर पिढ्यान् पिढ्या भाकर ज्वारीचीच होती. निषेध समाजाने ठरविला, धान्य जमिनीने. आणि ती ज्वारीही सोलापूरची नव्हे. सोलापूर-मराठवाड्याची शाळू-मालदांडी रब्बीची, कोरड्या हवेत पिकणारी, पांढरीशुभ्र. वऱ्हाडची ज्वारी खरिपाची, कापसाच्या जोडीने पावसाळ्यात उभी राहणारी, उशिराचा पाऊस झाला की कणसातच काळी पडणारी. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिकच्या संसाराची ओढाताण वाचताना हे धान्य डोळ्यांपुढे नसेल, तर कादंबरीचा अर्धा भाग निसटतो. प्रदेशाचे नाव अन्नाला अधिकाराने लावावयाचे असेल तर ते येथे लावावे, मसाल्याला नव्हे.

दुर्दैव असे की, हा अधिकारच आता उरलेला नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. उत्पन्न वाढले, पण त्या ज्वारीच्या भाकरीला चव नाही, ही तक्रार सार्वत्रिक होती. हलक्या मालाला हिणवताना हायब्रीड म्हणण्याची लकब आजही आहे. १९७२ च्या दुष्काळातील मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी त्याच काळच्या. पुढे गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सोयाबीन विदर्भात पसरले, आणि आज वाशीमचे खरिपातील मुख्य पीक तेच आहे. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे, रोख पैसा देणारे पीक शेतकऱ्याने पत्करले, यात त्याला दोष देता येणार नाही. पण हे पीक पेरणाऱ्याच्या ताटात येत नाही. बाजार समितीतून गिरणीत जाते, आणि परत येते ते पिशवीतल्या तेलाच्या रूपाने. करडई-जवसाच्या घाणीची जागा त्या पिशवीने घेतली. धान्याची जागा रास्त भाव दुकानाने घेतली : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणारे धान्य, जे जानेवारी २०२३ पासून विनामूल्य आहे, ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. पोळी ही पूर्वी सणाची किंवा पाहुण्याची होती. आता ज्वारीची भाकर आवर्जून करावी लागते.

केवळ तूर राहिली, कारण ती सोयाबीनच्या तासांमध्ये आंतरपीक म्हणून सामावली. म्हणून वाशीमच्या ताटातले वरण अजून त्याच मातीचे असते आणि त्याबरोबरची पोळी बहुधा नसते. भोजनालयांच्या पाट्यांवर ‘वऱ्हाडी’ हा शब्द दिसू लागला तो नेमका याच काळात, याची अभ्यासकाने नोंद घ्यावी. द्रव्य गेल्यावर उरली ती रीती : तिखटाचे प्रमाण, फोडणीची पद्धत, पितळी ताट, ठेच्याचा दगड. ‘अस्सल’ हे विशेषण ज्या लेखनात वारंवार येते, तेथे वर्णनाचा विषय अन्न आहे की आठवण, हे वाचकाने विचारावे.

अशा स्थितीत आमच्या विभागांना जे काम करता येण्याजोगे आहे, ते पाककृती गोळा करण्याचे नव्हे. ते इतर लोक करीतच आहेत. खरिपाची देशी ज्वारी निवडणे, दळणे, तिच्या भाकरीला किती गरम पाणी लागते, काळ्या दाण्याचे काय करावयाचे, कोणत्या ज्वारीच्या लाह्या फुटतात आणि कोणत्या नाही, या क्रियांची स्वतंत्र क्रियापदे व विशेषणे बोलीत आहेत. ती वापरणाऱ्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. कारंज्याची जैन गृहिणी, मंगरूळपीरच्या मुसलमान घरातली, पोहरादेवीकडच्या तांड्यावरची आणि रिसोडची कुणबी या चौघींना तोच एक दाणा दाखवून त्याचे नाव विचारावे, आणि उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. पैनगंगेपलीकडच्या सेनगावातही तोच प्रश्न न्यावा.