‘पहिला जाहीरनामा’ म्हणण्याआधी : उमाजी नाईक आणि आपली वाचनाची घाई

मित्रांनो, तुम्ही पेटची तयारी करताय, संशोधन प्रस्ताव लिहिताय, म्हणून आज एका शब्दाबद्दल बोलू. शब्द आहे ‘पहिला’.

मी मूळचा एम.एस्सी.वाला. कोथरूडच्या खोलीवर मित्रांचे प्रस्ताव वाचायचं काम माझ्याकडे आपोआप येतं. परवा एकाच्या प्रस्तावात पहिलंच वाक्य होतं : उमाजी नाईकांचा १८३१चा जाहीरनामा हा भारतीय स्वातंत्र्याचा पहिला जाहीरनामा. मी ‘पहिला’ला गोल केला. तो म्हणाला, “दादा, आमच्या समाजाला इतिहासात एवढंच मिळालंय, तेही खोडणार?” प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी हकीकत. उमाजींचा जन्म १७९१चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा. रामोशी म्हणजे किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारे. ती राखण आणि तिच्यासोबतची वतनं गेली, तिथून बंडाची सुरुवात झाली. जाहीरनाम्याची तारीख मराठी लेखनात १६ फेब्रुवारी १८३१ अशी दिली जाते. आशय साधारण असा : कंपनीच्या नोकऱ्या सोडा, सारा भरू नका, खजिने लुटा, हे राज्य आता संपणार. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. खडकमाळ आळीत त्यांचं स्मारक आहे; कोथरूडहून फार लांब नाही, एकदा जाऊन या.

आता आपल्या नेहमीच्या वाचनातल्या तीन चुका बघू.

पहिली : शेवट माहीत असल्यामुळे सुरुवात तशी दिसते. अमेरिकेचं उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर १७७४ रोजी ओहायो नदीकाठच्या फोर्ट गोवर इथे व्हर्जिनियाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ठराव केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी सारी ताकद लावू, असं त्यात होतं; आणि त्याच ठरावात राजा तिसऱ्या जॉर्जवर निष्ठाही होती! १७७६ माहीत असल्यामुळे आपण पहिलं वाक्य ठळक वाचतो, दुसरं गाळतो. शिवाय ही माणसं शॉनी लोकांशी लढून परतत होती. ज्यांच्या जमिनीवर डोळा होता, त्यांचं स्वातंत्र्य या ठरावात नव्हतं. प्रयोगशाळेत हव्या त्या नोंदी ठेवून नको त्या टाकल्या तर गाईड काय म्हणतील? इथेही तेच.

दुसरी : गुंतागुंत गाळणं. पुरंदर रामोश्यांकडून काढून घेण्याचं काम दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच सुरू झाल्याचं मराठी चरित्रलेखनच सांगतं. म्हणजे तक्रार केवळ इंग्रजांविरुद्ध नव्हती. पुढे कंपनीने उमाजींना माफी दिली, पगार आणि जमीन देऊन राखणीच्या कामावर घेतलं. त्यानंतर ते पुन्हा उठले. हे लपवलं तर उमाजी मोठे होत नाहीत, सपाट होतात. हातात आलेली नोकरी असताना माणूस पुन्हा डोंगरात का जातो? प्रबंधाचा खरा प्रश्न हा आहे.

तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची : साधन कोणाचं? उमाजींवरचा मोठा समकालीन वृत्तांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशचा, १८३३ साली मुंबईत छापलेला. मॅकिंटॉश उमाजींना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी. म्हणजे ज्याने फास आवळला, त्यानेच चरित्र लिहिलं. म्हणून पुस्तक फेकायचं का? नाही. तपशिलासाठी ते लागणारच. पण त्यातल्या तथ्याला एक वही करा आणि विशेषणाला दुसरी. कोणत्या गावात काय घडलं, ही नोंद. ‘लुटारू’ हा त्याचा निवाडा. असे निवाडे कागदावरच राहत नाहीत. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. ‘विमुक्त’ म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने पुसला, ते.

मग त्या मित्राला मी काय सांगितलं? ‘पहिला’ हा शब्द सिद्ध करायला त्याआधीचं सगळं तपासावं लागतं, आणि एक जुना कागद सापडला की दावा कोसळतो. त्याऐवजी लिही : राखणीचा हक्क गेलेल्या माणसांनी, १८५७च्या २६ वर्षं आधी, फक्त आपलं वतन परत न मागता सगळ्यांनाच सारा थांबवायला सांगितलं. हे विधान ‘पहिला’पेक्षा मोठं आहे, आणि तपासता येतं.

त्याने ओळ बदलली. गोल मात्र खोडला नाही, म्हणाला राहू दे, आठवण म्हणून.

तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य आज काढून बघा. त्यात ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात’ यांपैकी काही असेल, तर ते काढल्यावर काय उरतं? जे उरतं, तोच तुमचा विषय.