मंत्र्याची वर्णी आणि आपला भ्रमनिरास

(उमरी, जि. नांदेड येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)



उमरीत बोलायला उभे राहिले की 30 जानेवारी 1948 आठवतेच. त्या दिवशी इथली बँक लुटली गेली. ती लूट निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी होती, आणि इथली जुनी माणसे लुटीपेक्षा जास्त अभिमानाने सांगत ती त्या पैशाच्या हिशेबाची गोष्ट. आजचा विषयही हिशेबाचाच आहे.

पारावर, एसटीत, बँकेच्या रांगेत आम्ही एकच वैताग ऐकतो: "आता कोणीबी मंत्री होतंय बघा." आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यातून एक खोड लागली. तक्रार ऐकली की आधी तिच्यातले शब्द तपासायचे. भ्रमनिरास झाला म्हणता, तर भ्रम कोणता होता?

मंत्री नेमला जातो तेव्हा आपण आणि आपली वर्तमानपत्रे काय म्हणतो ते बघा. अमक्याची 'वर्णी' लागली. तमक्याला 'संधी' मिळाली. जिल्ह्याला 'न्याय' मिळाला. पडलेल्याचे 'पुनर्वसन' झाले. मग होते 'खातेवाटप', आणि त्यात कोणाला 'मलईदार' खाते आले याची चर्चा. हे सगळे शब्द घेणाऱ्याच्या बाजूचे आहेत. ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्या बाजूचा यात एकही नाही. वाटप वडिलोपार्जित जमिनीचे होते. आणि पुनर्वसन? आपल्याच जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, लेंडी प्रकल्पातली गावे कित्येक वर्षे त्या शब्दासाठी भांडत आली. तो शब्द आपण निवडणूक हरलेल्या पुढाऱ्याला सहज बहाल करून टाकला.

आता एक साधा हिशेब मांडू. ऑगस्ट 2022 मध्ये अब्दुल सत्तार राज्याचे कृषिमंत्री झाले. 2023 च्या जुलैत धनंजय मुंडे आले. 2024 च्या डिसेंबरात माणिकराव कोकाटे. ऑगस्ट 2025 पासून दत्तात्रय भरणे. तीन वर्षांत चार कृषिमंत्री. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात. मालक त्याला विचारतो, आधी कोणाकडे होतास, काय काय येतं, जनावरं कशी राखतोस? मग बोली ठरते आणि ती निदान सालभर टिकते. ज्याच्या हाती एक शेत द्यायचे त्याला एवढे विचारतात. अख्ख्या राज्याची शेती ज्याच्या हाती द्यायची त्याला कोण काय विचारते?

कोकाटेंचे प्रकरण बघा. विधान परिषदेत बसून ते मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत जुलै 2025 मध्ये पसरली. त्यांनी आरोप नाकारला, आपण पडद्यावर आलेली जाहिरात घालवत होतो असे सांगितले. खरेखोटे बाजूला ठेवू. पुढे काय झाले ते महत्त्वाचे. त्यांचे कृषी भरणेंकडे गेले आणि भरणेंचे क्रीडा त्यांच्याकडे आले. म्हणजे शेतीला नको झालेला माणूस खेळाडूंना चालेल, असे ठरले. चूक असेल तर तो घरी जायला हवा होता, नसेल तर तिथेच राहायला हवा होता. अदलाबदल हे दोन्हींपैकी कशाचेच उत्तर नव्हे. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात, जमिनी खरडून गेलेल्या, आणि नवे मंत्री खाते समजून घेत होते.

हे आपलेच दुखणे आहे असे समजू नका. ज्यांच्याकडून आपण मंत्रिमंडळ ही रीत घेतली त्या ब्रिटनमध्ये 2022 या एका वर्षात पाच शिक्षणमंत्री झाले. त्यांतल्या एक बाई दोन दिवसांत राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. 2023 मध्ये डेव्हिड कॅमेरून खासदार नसताना लॉर्ड होऊन परराष्ट्रमंत्री झाले. आपल्या शेजारच्या लातूरला याचे नवल वाटू नये. 2004 मध्ये शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेला लातुरातून पडले आणि राज्यसभेच्या वाटेने देशाचे गृहमंत्री झाले. 2008 च्या नोव्हेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

इथे जरा थांबू. चाकूरकर अडाणी होते का? मुळीच नाही. वकील, वाचणारे, लोकसभेचे अध्यक्षपद सांभाळलेले. सभागृह शांतपणे चालवणे हा एक गुण. संकटाच्या रात्री पोलीस यंत्रणा हलवणे हा दुसरा. पहिला असला की दुसरा असतोच असे नाही. म्हणून "मंत्री शिकलेला पाहिजे" ही मागणी अपुरी आहे. विचारायचे ते असे, की या कामाला हा माणूस योग्य का? पदवीने ते उत्तर मिळत नाही.

प्लेटोने एका जहाजाची उपमा दिली आहे. मालक बहिरा, नजरेने अधू. खलाशी सुकाणूसाठी भांडतात, पण जहाज हाकणे कोणीच शिकलेला नाही, आणि ते शिकावे लागते हेही कोणाला मान्य नाही. उपमा आजही चपखल वाटते. पण त्यातून लोकांनी बाजूला व्हावे आणि जाणत्यांनी चालवावे, असा निष्कर्ष निघतो. तो आम्हाला पटत नाही. ॲरिस्टॉटलचे उत्तर बरे: जेवण कसे झाले ते आचाऱ्यापेक्षा जेवणारा चांगले सांगतो. फक्त जेवणाऱ्याने ताटाकडे बघितले पाहिजे. पंगतीत आपल्या भावकीची किती पाने मांडली हेच तो मोजत बसला, तर अन्न करपले तरी त्याला कळायचे नाही.

घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये हा प्रश्न आला होता. शिक्षा झालेला माणूस मंत्री होऊ नये, असे घटनेतच लिहा, अशी सूचना के. टी. शाह यांची होती. डॉ. आंबेडकरांनी हेतू चांगला म्हटला, पण सगळेच घटनेत लिहिण्यापेक्षा पंतप्रधानांचा विवेक, विधिमंडळ आणि लोकांची जागरूक नजर यांवर विश्वास ठेवला. 2014 मध्ये मनोज नरुला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरले: नवी अपात्रता आम्ही घालणार नाही, पण नेमणूक हा नेमणाऱ्यावर टाकलेला विश्वास आहे. मंत्रिमंडळ किती मोठे असावे हे मात्र 2003 च्या घटनादुरुस्तीने ठरवले: सभागृहाच्या 15 टक्के. संख्या लिहिता आली. लायकी लिहिता येईना, ती नजरेवर सोडली. ती नजर म्हणजे आपण.

पूर्वी सगळे धुतल्या तांदळासारखे होते, असे आम्ही म्हणणार नाही. 1982 मध्ये अंतुले आणि 1986 मध्ये आपल्या भागातले शिवाजीराव निलंगेकर उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मुख्यमंत्रिपदावरून गेले. पण गेले. आणि शंकरराव चव्हाण, याच जिल्ह्याचे, शिस्त लावायचे म्हणून आपण त्यांना चेष्टेने 'हेडमास्तर' म्हणत होतो. आज जो गुण शोधतो त्याची तेव्हा टिंगल केली.

आमचीही कबुली ऐका. आमच्या भागातले एक गृहस्थ मंत्री झाले त्या दिवशी आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत पेढे वाटले. खाते कोणते ते चार दिवसांनी कळले. पुढे त्यांनी काय केले हे आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, कधीच विचारले नाही. भ्रम होता तो हा, की आपला माणूस वर गेला म्हणजे आपले काम झाले.

तेव्हा पुढच्या वेळी तालुक्यात सत्काराचा मंडप पडला तर हार जरूर घाला, पण तीन गोष्टी विचारा. खात्याचे काम तुम्हाला काय माहीत आहे? वर्षभरात नेमके काय करणार? आणि वर्षाने इथेच येऊन सांगणार का? उत्तर नाही आले तर हरकत नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा. ज्या गावाने लुटीच्या पैशाचाही हिशेब जपला, त्याला हे जड जाऊ नये.