बर्फाचे चिन्ह आणि चिन्हाचा अर्थ : घरगुती उड्डाण-सिम्युलेटरातील हिमलेपाची समीक्षा

अनुकृती मूळ वस्तूशी कितपत इमान राखते, हा प्रश्न केवळ चित्र-शिल्पादी कलांपुरता मर्यादित नाही. घरच्या संगणकावर चालणाऱ्या उड्डाण-सिम्युलेटरालाही तो तितकाच लागू पडतो. १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर बाजारात आला तेव्हा मोजक्या रंगांच्या ओबडधोबड आकृतींवर वापरणाऱ्याने समाधान मानावयाचे होते. आज त्याच परंपरेतील सिम्युलेटरात ढगात शिरलेल्या विमानाच्या काचेवर बर्फाची नक्षी उमटते आणि पंखांच्या पुढील कडा पांढऱ्या पडतात. दृश्याच्या अंगाने ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि बर्फ दिसणे आणि बर्फ कळणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर किती, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

उड्डाणात विमानाच्या अंगावर बर्फ साचणे या क्रियेस येथे हिमलेप असे म्हटले आहे. ढगातील पाण्याचे थेंब शून्य अंशाखालीही पुष्कळदा द्रवरूपातच राहतात व विमानाचा स्पर्श होताच गोठतात. थेंब बारीक असल्यास दुधी, खरखरीत थर बसतो. मोठे असल्यास ते गोठण्यापूर्वी मागे ओघळतात आणि पारदर्शक, चिवट थर तयार होतो. या बर्फाच्या वजनाने विमान खाली येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अधिक घातक असतो तो आकारातील बिघाड. पंखाची घडण विशिष्ट रीतीने हवा वाहावी म्हणून केलेली असते. तीवर थोडासा खरखरीतपणा आला तरी उचल घटते, रोध वाढतो आणि पंखावरील प्रवाह तुटण्याची अवस्था, म्हणजेच स्टॉल, नेहमीपेक्षा अधिक वेगातच येऊन ठेपते. वैमानिकाच्या अंगवळणी पडलेला सुरक्षित वेग त्याच्या नकळत असुरक्षित झालेला असतो.

सिम्युलेटर या घटनेचे अनुकरण दोन पातळ्यांवर करतात. एक चित्राची, दुसरी गणिताची. या दोहोंची फारकत होऊ शकते, हे २०२० च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीने नकळत मान्य केले आहे. तीत हिमलेपाचा परिणाम चालू ठेवणे, बंद करणे किंवा केवळ दृश्य ठेवणे असे तीन पर्याय दिलेले आहेत. ‘केवळ दृश्य’ हा तिसरा पर्याय समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय होय. बर्फ दिसेल, पण विमानाला बाधणार नाही, असा त्याचा आशय. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे शब्द उरला, अर्थ गेला. याउलट एक्स-प्लेन या सिम्युलेटरात पंखाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावरील बलाची गणना केली जाते, व बर्फाचा परिणाम त्या गणनेत उतरतो. काचेवरील नक्षी कितीही सुबक असली, तरी वैमानिकाशी बोलतो तो हा दुसरा, अदृश्य बर्फच.

परंतु गणित अचूक असले म्हणजे अनुकृती पूर्ण झाली, असेही म्हणता येत नाही. वैमानिकाला बर्फ क्वचितच प्रत्यक्ष भेटतो. त्याला भेटतात ती बर्फाची चिन्हे, आणि ही चिन्हे नानार्थक असतात. नानार्थक शब्दाचा अर्थ कसा ठरतो, याचा विचार भर्तृहरीने वाक्यपदीयात केला असून साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल इत्यादी निर्णायक घटक तेथे सांगितले आहेत. ‘सैंधव आण’ या वाक्याचे परंपरागत उदाहरण सर्वपरिचित आहे. भोजनाच्या वेळी सैंधव म्हणजे मीठ, प्रवासाला निघताना घोडा. विमानाचे नाक एकाएकी खाली जाणे, हे असेच एक सैंधव होय. मुख्य पंख स्टॉल झाला असेल तर दांडा पुढे ढकलावयाचा असतो. बर्फाने शेपटीचा आडवा पंख स्टॉल झाला असेल तर तोच दांडा मागे ओढावयाचा असतो. चिन्ह वरकरणी एक, अर्थ दोन, आणि उपाय परस्परविरुद्ध. येथे अर्थनिर्णयातील चूक वाचनदोषापुरती राहत नाही, ती प्राणावर बेतते.

१ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यात नॉर्थवेस्ट कंपनीचे एक बोइंग ७२७ विमान कोसळले, ते अशाच चुकीच्या वाचनाने. समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन वेग दाखवणाऱ्या पिटो नलिकांचे तापक सुरू केलेले नव्हते व नलिका बर्फाने बंद झाल्या होत्या. नलिकेत कोंडलेला दाब कायम राहिला, विमान चढू लागले तसा बाहेरील दाब घटला, आणि या दोहोंच्या फरकावर चालणारा वेगदर्शक वाढता वेग दाखवू लागला. वेग आवरण्यासाठी वैमानिकांनी नाक अधिकच वर घेतले. खरा वेग घटत गेला. स्टॉलची सूचना देण्यासाठी दांडा थरथरू लागला, तेव्हा ती थरथर त्यांनी अतिवेगाची समजली. खोट्या वेगाच्या प्रकरणात खरी सूचनाही खोट्या अर्थाने वाचली गेली. विमानातील तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले.

घरगुती सिम्युलेटरात पिटो-तापक बंद ठेवून वेगदर्शक बिघडवता येतो. मात्र तो बिघडवणारा व त्याचे वाचन करणारा माणूस एकच असतो, आणि हीच या अनुकृतीची मूलभूत मर्यादा होय. हिमलेपाचा सराव करावयास बसलेला माणूस हवामान स्वतः निवडतो, ढगाची उंची व तापमान स्वतः ठरवतो. प्रकरण आधीच ज्ञात असल्यामुळे नानार्थक चिन्ह त्याच्यापुरते एकार्थक होऊन बसते. वेग उतरला की बर्फ, बर्फ म्हटले की अमुक कळ, असे द्विस्तंभी कोष्टक त्याच्या मनात तयार होते. शब्दकोश पाठ केला म्हणजे भाषा आली, असे समजण्यासारखेच हे आहे.

दुसरी मर्यादा स्पर्शाची. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील रोझलॉन गावाजवळ एटीआर ७२ जातीचे विमान पडून ६८ माणसे दगावली. बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या चालू होत्या. परंतु मोठ्या थेंबांचा बर्फ त्यांच्याही मागे कड्यासारखा साचला होता. तेथील प्रवाह बिघडून विमान कलते करणाऱ्या झडपा एकाएकी आपोआप फिरल्या, स्वयंचालक सुटला आणि विमान उलटले. तोवर विमान स्वयंचालकाच्या हाती होते, त्यामुळे झडपांवरील बदलता भार वैमानिकांच्या हाताला पोचण्याचा मार्गच नव्हता. घरगुती सिम्युलेटराच्या सामान्य दांड्याला तर स्प्रिंग असते. ती हात सोडताच त्याला मध्यावर आणते. पंखावर काहीही घडो, तिचा ताण तोच राहतो. हाताने वाचावयाची चिन्हे या माध्यमात बहुधा मुकीच राहतात.

एवढ्यावरून घरगुती सिम्युलेटर निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. पिटो-तापक वेळीच सुरू करणे, बाहेरील तापमानावर लक्ष ठेवणे, बर्फ दिसताच उंची अथवा मार्ग बदलून बाहेर पडणे, या सवयी त्यावर लागू शकतात, आणि त्या मोलाच्या आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, वर सांगितलेली पहिली मर्यादा काही अंशी ओलांडता येते. प्रत्यक्षातील चालू हवामान उतरवून घेण्याची सोय आणि यंत्रातील बिघाड अनिश्चित वेळी घडवून आणण्याची सोय वापरल्यास प्रकरण अगोदर हाती येत नाही. तेव्हा उतरत्या वेगाचे कारण बर्फ, इंजिन, नलिका की स्वतःचीच चूक, हे वापरणाऱ्याला इतर चिन्हांशी ताडून ठरवावे लागते. वेगदर्शक एक सांगतो, पण विमानाचे नाक व इंजिनाची शक्ती दुसरेच सुचवतात. त्यांचा मेळ घालणे, हाच खरा अभ्यास होय.

सारांश, हिमलेपाच्या अनुकृतीची परीक्षा काचेवरील नक्षीच्या सूक्ष्मतेवरून करणे योग्य नव्हे. गणिताच्या अचूकतेवरूनही ती पुरती होत नाही. चिन्ह आणि अर्थ यांमधील संदिग्धता ज्या अनुकृतीत शिल्लक राहते, ती मूळ अनुभवाच्या अधिक जवळ जाते. घोषणा करून आलेला दाट बर्फ पुष्कळसा शोभेचा ठरतो. न सांगता आलेला पातळ थर मात्र वापरणाऱ्याला वाचक बनवतो, आणि आकाशात वैमानिकाला तारते ते हे वाचनच.