बोरीची राख आणि कुकडीकांठचा आद्यमानव : कालनिर्णयाचा परामर्श

जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी नांवाचें गांव आहे. कुकडेश्वरापाशीं उगम पावून ही नदी पुढें घोडेस व घोड भीमेस मिळते. या खोऱ्याचा जुन्यांत जुना लेख म्हणून आपण नाणेघाटांतील नागनिकेच्या लेखाकडे बोट दाखवितों. त्यास सुमारें दोन हजार वर्षें झालीं. परंतु बोरी येथें नदीच्या दरडींत पांढुरक्या राखेचा एक थर उघडा पडलेला आहे, आणि त्याच्या आधारें या खोऱ्यांतील मनुष्यवस्ती लक्षावधि वर्षें मागें नेण्यांत आलेली आहे. १९८६ सालीं काळे, पाटील, पवार व राजगुरु यांनीं हा थर प्रथम प्रसिद्ध केला. तेव्हांपासून त्याचें वय एकदां १४ लाख वर्षें, एकदां ७४ हजार, एकदां ६ लाख ७० हजार, आणि शेवटीं ७ ते ८ लाख असें सांगण्यांत आलें आहे. एकाच सनदेवर चार वाचकांनीं चार निरनिराळे शक वाचावे, त्यांतला हा प्रकार आहे. सनदेच्या बाबतींत असें झालें असतें तर या त्रैमासिकाच्या वाचकांनीं मूळ कागद पुढें आणा म्हणून केव्हांच मागणी केली असती. दगड-मातीच्या बाबतींत मात्र आपण, हा तज्ज्ञांचा विषय म्हणून गप्प राहतों. तें मौन सोडावें, एवढ्यासाठीं हा परामर्श.

प्रथम वादाचा विषय नीट मांडला पाहिजे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचा खरा. पण तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा आहे. बोरीची राख त्या कुळांतली नव्हे. ती सूक्ष्म कांचेच्या कणांची असून सुमात्रा बेटांतील टोबा या ज्वालामुखीपासून वाऱ्याबरोबर इकडे आली, याविषयीं आतां बहुतेकांचें एकमत आहे. या राखेशीं निगडित असलेल्या थरांत हातकुऱ्हाडी, फरशा अशीं अश्यूलियन पद्धतीचीं दगडी हत्यारें मिळालीं. राखेचें वय ठरलें कीं हत्यारांचें ठरलें, व हत्यारांचें ठरलें कीं तीं घडविणाऱ्या मनुष्याचें ठरलें, अशी ही अनुमानाची सांखळी आहे. तिच्यांत तीन कड्या आहेत, आणि वाद बहुधा पहिल्या कडीवरच झाला. उरलेल्या दोन कड्यांकडे द्यावें तितकें लक्ष दिलें गेलें नाहीं, हा प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप आहे.

पहिली कडी राखेच्या वयाची. १९८८-८९ च्या सुमारास कोरीसेट्टर, मिश्र, राजगुरु प्रभृति संशोधकांनीं पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनें तिचें वय सुमारें १४ लाख वर्षें काढलें. या पद्धतीचें तत्त्व सोपें आहे. पोटॅशियमचा एक अंश ठराविक गतीनें आर्गॉन वायूंत रूपांतर पावतो. वितळलेल्या खडकांतून जुना वायु निघून जातो व खडक थिजल्यावर नवा सांठूं लागतो. त्या सांठ्यावरून काळ मोजतां येतो. यावर आक्षेप असा येतो कीं, दख्खनच्या नदीनें वाहून आणलेल्या राखेंत काळ्या पाषाणाचे कण मिसळलेले असणारच, आणि ते साडेसहा कोटि वर्षांचे असल्यामुळें राखेचें वय खोटेंच वाढणार. आक्षेप वजनदार आहे, पण त्याची मोजदाद केली पाहिजे. दोहोंत पोटॅशियम सारखें असतें तर शंभरांत दोन भाग भेसळीनेंहि ७४ हजार वर्षांची राख १४ लाखांच्या घरांत गेली असती. परंतु टोबाच्या कांचेच्या मानानें दख्खनच्या पाषाणांत पोटॅशियम सुमारें दहा पट कमी, कित्येक ठिकाणीं त्याहूनहि कमी असतें. तेव्हां तितका फरक पडण्यास शंभरांत पंधरा-वीस भाग भेसळ लागेल. एवढी काळी भेसळ पांढऱ्या राखेंत सूक्ष्मदर्शकाखालीं लपून राहणें कठीण. म्हणून १४ लाख हा आंकडा केवळ 'भेसळ' या एका शब्दानें उडवून लावतां येत नाहीं. आणि त्याच संशोधकवर्गानें १९९५ सालीं आर्गॉनच्या अधिक सूक्ष्म पद्धतीनें ६ लाख ७० हजार हें वय काढलें असल्यामुळें तो शिरोधार्यहि मानतां येत नाहीं. स्वतःच्या पूर्वमताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनीं प्रसिद्ध केला, हें त्यांच्या प्रामाणिकपणास भूषणावह आहे.

दुसरा पक्ष आचार्य व बसु यांचा. त्यांनीं १९९३ सालीं हिंदुस्थानांतील अनेक नद्यांच्या गाळांतील राख एकत्र विचारांत घेऊन ती सर्व टोबाच्या शेवटच्या, म्हणजे सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वींच्या महास्फोटाची ठरविली. १९९५ सालीं शेन, वेस्टगेट प्रभृतींनीं कांचेच्या रासायनिक पृथक्करणावरून या मतास दुजोरा दिला. आधार असा कीं, निरनिराळ्या स्थळांच्या कांचेचे घटक त्या शेवटच्या स्फोटाच्या कांचेशीं जुळतात. येथें मोडी वाचणाऱ्यास चटकन् एक शंका येईल. एकाच फडावर तयार झालेल्या दोन पिढ्यांच्या लेखकांचें अक्षर पुष्कळदां इतकें सारखें असतें कीं वळणावरून घराणें सांगतां येतें, सन सांगतां येत नाहीं. टोबा एकदांच फुटला असें नाहीं. सुमारें आठ लक्ष वर्षांपूर्वींहि त्याचा मोठा स्फोट झाला होता, आणि त्याच्या निरनिराळ्या स्फोटांची कांच एकमेकींशीं बरीच मिळतीजुळती आहे. तेव्हां रासायनिक साम्यानें राखेचें माहेर ठरलें, हें मान्य. जन्मतिथि ठरली असें म्हणण्यास त्याहून बारीक पुरावा हवा.

तो पुरावा पुढें दोन बाजूंनीं आला. बोरी व कऱ्हाकांठचें मोरगांव येथील थरांतील चुंबकीय दिशा तपासून सांगोडे, मिश्र प्रभृतींनीं २००७ सालीं ती उलट असल्याचें दाखविलें. पृथ्वीचें चुंबकत्व आजच्या दिशेस शेवटचें वळलें त्यास पावणेआठ लाखांहून थोडीं अधिक वर्षें झालीं. म्हणून उलट दिशेचा थर सामान्यतः त्यापूर्वींचा. नंतर २०११ सालीं वेस्टअवे, मिश्र, देव व ब्रिजलंड यांनीं आर्गॉन पद्धतीच्या फेरतपासणींतून ८ लाख ९ हजार व ७ लाख १४ हजार अशीं दोन वयें प्रसिद्ध केलीं. पहिल्यांत ५१ हजारांची व दुसऱ्यांत ६२ हजारांची अधिकउणी जागा ठेवलेली आहे. दोन स्वतंत्र रीतींनीं काढलेलीं उत्तरें एकमेकांजवळ येतात व दोन्ही टोबाच्या जुन्या स्फोटाच्या काळाशीं जुळतात. दप्तरांत एकच मजकूर दोन भिन्न घराण्यांच्या कागदांत निघाला म्हणजे आपण तो ग्राह्य धरतों. त्याच न्यायानें, बोरीची राख सुमारें आठ लाख वर्षांची असावी, हें मत आज सर्वांत बलवत्तर आहे. मात्र हा निर्णय बोरी व मोरगांव यांपुरताच समजावा. इतर नद्यांच्या कांठीं आढळणारी राख तेवढ्यावरून आठ लाखांची ठरत नाहीं. कित्येक ठिकाणीं ती ७४ हजारांचीच आहे. सर्व राख एकाच स्फोटाची मानणें ही दुसऱ्या पक्षाची चूक होती. ती उलट्या बाजूनें करण्यांत हंशील नाहीं.

आतां दुसरी कडी : राख केव्हां पडली हें ठरलें, पण ती आज ज्या थरांत आहे तो थर केव्हां बसला? सुमात्रेहून येथवर आलेली राख फार तर कांहीं बोटें जाडीची पडली असेल. दरडींत ती त्याहून पुष्कळ जाड आहे, याचा अर्थ पावसानें ती उतारांवरून धुवून आणून पात्राच्या खळग्यांत सांठविली. म्हणजे ही मूळ प्रत नव्हे, नक्कल आहे. नक्कल मूळाहून जुनी असूं शकत नाहीं. पण तिच्याहून किती नवी असावी यास सीमा नाहीं. एखाद्या पोथींत शके १२१२ चा उल्लेख आला म्हणून ती पोथी शके १२१२ ची होत नाहीं, हें ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. आठ लाख वर्षांपूर्वींची राख वरच्या अंगास कोठें सांठून राहिली व पुढें पन्नास हजार वर्षांनीं नदीनें ती पुन्हां उकरून खालीं आणली, असें अशक्य नाहीं.

तथापि येथें उलट बाजूसहि एक सबळ प्रमाण आहे. या राखेचा तळचा भाग स्वच्छ असून वरच्या भागांत गाळमाती मिसळत गेली आहे. राख ही अत्यंत हलकी व भुसभुशीत वस्तु. दख्खनच्या पावसाळ्यांत ती उघड्या उतारावर फार वर्षें स्वच्छ राहणें शक्य नाहीं. तिच्यांत माती मिसळणारच. म्हणून तळचा स्वच्छ पदर राख पडल्यानंतर थोड्याच पावसाळ्यांत सांठला असला पाहिजे. वरच्या मिश्र भागास मात्र हा न्याय लागू नाहीं. यावरून निष्पन्न होणारा नियम असा : स्वच्छ राखेच्या खालीं, जागचें न हललेल्या थरांत, जें हत्यार मिळेल त्यालाच आठ लाखांचें वय चिकटवावें; मिश्र राखेंत किंवा तिच्या वर मिळालेल्यास चिकटवूं नये. 'राखेशीं निगडित' हा मोघम शब्दप्रयोग यापुढें बंद व्हावा. तो वापरला म्हणजे खालचें, आंतलें व वरचें एकाच मापानें मोजलें जातें.

तिसरी कडी हत्यारांची. नदीच्या गोट्यांच्या थरांत मिळालेला दगड तेथेंच घडविला गेला कीं वरून वाहत आला, हें त्याच्या धारेवरून कळतें. वाहत आलेल्याच्या धारा बोथट होतात; जागच्या जागीं पुरलेल्याच्या तीक्ष्ण राहतात. ही परीक्षा करण्याचा उत्तम नमुना प्रवरेच्या कांठीं आहे. नेवाशाजवळ चिरकी येथें १९६६ ते १९६९ या काळांत गुद्रुन कॉर्विनस यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत हत्यार कोणत्या थरांत, कोणत्या खडकाचें, किती झिजलेलें याची नोंद ठेवलेली आहे. त्यापूर्वीं १९५४-५६ मध्यें डॉ. सांकळियांनीं नेवाशास जो पाया घातला, त्याचें ऋण कोणी नाकारणार नाहीं. मध्याश्मयुगापूर्वींचीं गारगोटी व जास्पर यांचीं तासण्यांसारखीं हत्यारें वेगळी ओळखून दाखविणें हें त्यांचेंच कार्य. पण खालचा गोटेथर म्हणजे एक युग व वरचा गोटेथर म्हणजे दुसरें युग, ही जी मांडणी त्या काळीं सर्वत्र रूढ झाली, ती आज जशीच्या तशी धरतां येत नाहीं. नदी आपलें पात्र बदलते, जुना गाळ कापते, त्या खांचेंत नवा भरते. त्यामुळें एकाच दरडींत, एकाच उंचीवर, लक्षावधि वर्षांचें अंतर असलेले थर शेजारीं शेजारीं बसूं शकतात. एका रुमालांत बांधलेले कागद एकाच सालाचे मानण्यासारखेंच तें होईल.

या कालनिर्णयानें खोऱ्याच्या रूपाविषयींची कल्पनाहि पालटते. बोरीची राख आजच्या पात्राहून फार उंचावर नाहीं. ती ७४ हजार वर्षांची मानली, तर खोऱ्यांतील बहुतेक गाळ अलीकडचा ठरतो. आठ लाखांची मानली, तर एवढ्या प्रदीर्घ काळांत कुकडीनें आपलें खोरें फारसें खोल केलें नाहीं. तिनें तेथेंच वारंवार गाळ भरला, वारंवार कापला, आणि जुन्या गाळाचे कांहीं तुकडे मागें ठेवले, असें म्हणावें लागतें. तेव्हां आज ज्या उंच दरडी आपणांस एकसंध दिसतात, त्या वस्तुतः ठिगळांची गोधडी आहेत. प्रत्येक ठिगळाचें वय स्वतंत्रपणें विचारलें पाहिजे.

मग १४ लाख वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत मनुष्य नव्हताच काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. तमिळनाडूंत कोर्तलयार नदीच्या खोऱ्यांत अत्तिरामपाक्कम् येथील अश्यूलियन हत्यारांचें वय शांति पप्पू प्रभृतींनीं २०११ सालीं सुमारें १५ लाख वर्षें दिलें आहे. तेथें जें घडलें तें कृष्णा-गोदावरीच्या मुलुखांत घडणें असंभाव्य नाहीं. परंतु संभव आणि सिद्धि यांत अंतर आहे, आणि तें अंतर पुसून टाकण्यासाठीं बोरीच्या राखेची साक्ष काढतां येत नाहीं. बोरीपुरतें सिद्ध इतकेंच कीं राख आठ लाखांच्या सुमाराची आहे. संभाव्य इतकें कीं तिच्या स्वच्छ पदराखालील हत्यारें तितकीं किंवा त्याहून जुनीं आहेत. याहून अधिक बोलणें अभिमानास गोड लागेल, पण तें संशोधन नव्हे.

शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंति. एका स्नेह्यांच्या संग्रहांत प्रस्तुत लेखकानें एक अति सुंदर हातकुऱ्हाड पाहिली. धारा तीक्ष्ण, घडण निर्दोष. तिच्यावरच्या चिठीवर केवळ 'नगर जिल्हा' एवढेंच लिहिलेलें होतें. कोणत्या गांवची, कोणत्या नदीची, पात्रांतली कीं दरडींतली, राखेच्या वरची कीं खालची, कांहींच नाहीं. ज्यानें ती उचलली त्यानें प्रेमानें उचलली. पण त्या क्षणीं तिची साक्ष कायमची बंद झाली. मायना व शिक्का कापून घेतलेला कागद कितीहि वळणदार असला तरी इतिहासास निरुपयोगी असतो. वाळूचा उपसा, विहिरींचें खणकाम व शेतांची सपाटी यांमुळें या दरडी दरवर्षीं कमी होत आहेत. म्हणून दरडींत हत्यार दिसल्यास तें तेथेंच राहूं द्यावें. स्थळ, थर व पात्रापासूनची उंची टिपून छायाचित्र घ्यावें, आणि जाणत्यांस कळवावें. पूर्वीं जें उचललें असेल त्याची आठवेल तेवढी हकीकत आज लिहून ठेवावी. बोरीच्या वादांत जो निर्णय लागला, तो राख जागेवर होती म्हणूनच लागला.