वंशाचा करीना
केहीमकरांच्या बेने इस्राएल इतिहासाविषयी काही विचार

हट्ट्याची बावडी पाहावयास येणारा पाहुणा पायऱ्या उतरता उतरता बहुधा एकच प्रश्न विचारतो : ही बांधली कोणी? उत्तर मिळते ते ऐकीव असते. गोंड राजवटीकडे बोट दाखविले जाते, एखादी आख्यायिका सांगितली जाते, आणि पाहुणा समाधानाने परत जातो. दगड बोलका आहे, मजले शाबूत आहेत, पाणीही आहे. पण ज्या हातांनी ते काम झाले त्यांची नावे सांगणारा कागद हाताशी नाही. हा मुलूख गोंड, भोसले, इंग्रज अशा राजवटींतून गेला आणि दर वेळी दप्तर नव्या धन्याच्या घरी गेले. गाव तेथेच राहिले. गावाची ओळख सांगणारे कागद मात्र परगावी राहिले.

याच प्रश्नाने आम्हांस हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या ग्रंथाकडे पुन्हा वळविले. हट्टा कोठे आणि अलिबागजवळचे नवगाव कोठे, असे वाचक म्हणतील. परंतु मराठी बोलणाऱ्या एका लहानशा समाजाने आपली ओळख आपल्याच हाताने लिहून ठेवण्याचा जो उद्योग केला, तो आपल्या देवस्थानांभोवती नांदणाऱ्या प्रत्येक समाजाने तपासून पाहावा असा आहे.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातील यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची परंपरा अशी की, पूर्वज एका गलबतातून येत असता ते नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती मिळाली. आणि वाचलेल्यांचा वंश कोकणच्या गावोगाव पसरला. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर. केहीमकरांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघावयास १९३७ साल उजाडले, आणि तोही मुंबई-पुण्यास नव्हे, तर तेल अवीव येथे, इम्मानुएल ऑल्सवँगर यांच्या प्रयत्नाने. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते, आणि तेवढ्या काळात लेखक निवर्तलेही होते.

योगायोग असा की, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. म्हणजे एकाच सुमारास दोन मराठी माणसे भूतकाळाकडे वळली होती. राजवाडे दप्तरे धुंडाळीत होते. मूळ पत्र प्रथम, निष्कर्ष मागाहून, हा त्यांचा हट्ट होता. केहीमकरांपाशी अशी दप्तरे फार थोडी होती. त्यांच्या समाजाने शतकानुशतके जे जपले ते आठवणीत, रूढीत आणि आडनावांत जपले होते. त्यांनी तेच कागदावर उतरविले.

मग या ग्रंथास काय म्हणावे? बखर म्हणावी तर त्यात राजा नाही आणि लढाईही फारशी नाही. आमच्या मते तो एक करीना आहे. वतनाच्या तंट्यात मराठेशाहीतील कुटुंबे आपली हकीकत लिहून देत : मूळपुरुष कोण, कोठून आला, वतन कसे मिळाले, वंश कसा चालला. करीना लिहिणारा तटस्थ नसतो. त्याला आपला हक्क शाबीत करावयाचा असतो. तरीही इतिहासकार करीना टाकून देत नाही, कारण हक्क सांगण्याच्या भरात लिहिणारा घरातल्या अशा असंख्य गोष्टी सांगून जातो की ज्या दुसरा कोणी कधीच सांगितल्या नसत्या. केहीमकरांचा हक्क एकच होता : आम्ही मूळचे इस्राएलच. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी मुंबईत या कोकणी बांधवांकडे संशयाने पाहत, त्या काळात हा ग्रंथ लिहिला गेला, हे विसरून तो वाचता येणार नाही.

करीना म्हणून वाचला की ग्रंथाचे वैभव उघडे होते. जुन्या काळी फार तर 'शमा' ही एक हिब्रू प्रार्थना उरली होती, तरी सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे निर्बंध सुटले नव्हते. दावीद राहबी नावाच्या पुरुषाने त्यांची ओळख पटविली ती माशांवरून, अशी परंपरा आहे : त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली. कोकणच्या स्वयंपाकघरात धर्मशास्त्र कसे टिकते याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्याच राहबीने झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसे तयार केली आणि त्यांच्याकडे काजीपण आले, असेही परंपरा सांगते. नवस फेडताना पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा 'मलिदा' मांडून एलियाहू हन्नबीचे स्मरण करण्याची रीत, अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्यास त्या प्रेषिताची खूण मानलेला खडक, हे सारे वाचताना आमच्यासारख्या देवळात वाढलेल्या माणसाला परकेपणा वाटत नाही.

परंतु प्रेमाने वाचणे म्हणजे डोळे मिटून वाचणे नव्हे. ग्रंथाची पहिली उणीव कालनिर्णयाची. अँटिओकसच्या छळामुळे इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास पूर्वज निघाले, असे केहीमकर ठरवितात. ही त्यांची अटकळ आहे. नवगावच्या थडग्यांच्या उंचवट्यांतून साल वाचता येत नाही. दुसरी उणीव राहबीच्या बाबतीत दिसते. केहीमकर त्याला कित्येक शतके मागे नेतात. पण कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहबी यांनी १७६८ साली हॉलंडमधील तोबियास बोआस यांस लिहिलेल्या पत्रात या समाजाचा स्पष्ट उल्लेख आहे : ते मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले आहेत, तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, आणि प्रार्थनेपैकी 'शमा' तेवढी जाणतात. यहेज्केल यांच्या मुलाचेही नाव दावीदच होते. तेव्हा परंपरेतला दावीद राहबी अठराव्या शतकातलाच असावा, असे कित्येक अभ्यासकांना वाटते. आम्हांसही तेच संभवनीय वाटते. एका पत्राने शतकांचा हिशेब बदलतो तो असा.

तिसरे उदाहरण मुंबईतील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांचे. इंग्रजांच्या पलटणीतील हा अंमलदार टिपूच्या कैदेत सापडला, 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून त्याचे प्राण वाचले, आणि सुटल्यावर त्याने नवस फेडला, अशी कथा आहे. कथेचा तपशील परंपरेचा आहे. त्याने १७९६ साली स्थापन केलेले 'शाअर हारहमीम' हे प्रार्थनामंदिर मात्र मांडवीच्या वस्तीत आजही आहे. एवढे वाचून थांबू नये. त्या मनुष्याच्या नावाकडे पाहावे. तो समाजात समाजी हसाजी म्हणून ओळखला जाई. सॅम्युएलचा समाजी आणि एझिकिएलचा हसाजी! सरकारी यादीत एक नाव, मोहल्ल्यात दुसरे, आणि शेजाऱ्याच्या तोंडी नुसते 'तेली'. जुन्या कागदांत 'यहुदी' हा शब्द शोधीत बसणाऱ्यास या समाजाची अर्धी माणसे सापडणारच नाहीत. कोणत्या नावाने शोधावयाचे हे ज्यास ठाऊक आहे, त्यालाच दप्तर उघडते. आणि ते शिकविणारा ग्रंथ म्हणून केहीमकरांचे मोल मोठे आहे.

वंशाचे कागद हा कोणास हौसेचा विषय वाटत असेल, तर १९६२ साली काय घडले ते त्याने आठवावे. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल कुटुंबे इस्रायलला जाऊन राहिली. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये विवाहनोंदणी करणाऱ्या धर्मगुरूंना आज्ञा दिली की, या समाजातील वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितकी मागची पिढी तपासून पाहावी. विचार करा : रोह्याच्या किंवा पनवेलच्या एखाद्या आजीचे लग्न घराच्या अंगणात मराठी गाणी गाऊन झाले, तिच्या आजीचा पुरावा नात कोठून आणणार? समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच होत, असा ठराव केला आणि धर्मपीठाला आज्ञेतून समाजाचे नाव काढावे लागले. केहीमकरांचा करीना साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा न्यायासनापुढे उभा राहिला होता. न्याय मिळाला, पण तो लढून मिळवावा लागला.

दुसऱ्याने ठेवलेल्या दप्तरातही समाज शिल्लक राहतो. पण कसा, हे आमच्या कोकणी वाचकांस निराळे सांगावयास नको. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसले. वैद्यकाचा थोर पंडित गार्सिया द ओर्ता, ज्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, तो यहुदी कुळातला. त्याच्या बहिणीला, कातारीनाला, १५६९ मध्ये जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. या घराण्याची नाती आज आपणांस समजतात ती प्रामुख्याने त्यांना जाळणाऱ्यांच्या कागदांतून. १८१२ मध्ये न्यायासन कायमचे उठल्यावर त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. तरी झ्वांव देल्गादु फिगैरा याने १६२३ पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची केलेली सूची लिस्बनमध्ये उरली आहे. तीत यहुदी वंशाचे आहेत, तसेच गुपचूप तुळशीला पाणी घालण्यासारख्या जुन्या रीतींबद्दल धरलेले आपलेही लोक आहेत. देवळे पाडली गेली, पण त्यांच्या जमिनी कोणकोणत्या होत्या हे महसुलासाठी लिहिलेल्या 'फोराल'मधून कळते. सूचीतली माणसे आरोपी म्हणून उरली, फोरालातली देवळे शेतसाऱ्याची रक्कम म्हणून. त्यांचे हसणे, त्यांचा उत्सव, त्यांच्या घरची मासळी त्या कागदांत कोठेच नाही. केहीमकरांच्या ग्रंथात ती आहे. त्यातल्या सर्व चुकांसह आम्ही तो ग्रंथ श्रेष्ठ मानतो तो यासाठी.

आणि दप्तर म्हणजे केवळ वंशावळ असेही नाही. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून वल्हांडणाच्या सणाची हिब्रू-मराठी पोथी निघाली. तिच्यातील चित्रांत बिनखमिरी भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास या समाजात मोशे आणि योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनातून रंगू लागली. ही पोथी, ही आख्याने, प्रार्थनामंदिरातील जन्म-विवाहांच्या नोंदवह्या, थडग्यांवरील हिब्रू-मराठी लेख, हे सारे मिळून त्या समाजाचे खरे दप्तर होते. केहीमकरांच्या उत्तराधिकाऱ्यांनी ते मूळ स्वरूपात छापून एके ठिकाणी आणावयास हवे होते, जसे राजवाड्यांनी आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने आपल्या पत्रांच्या बाबतीत केले. हा ग्रंथाचा दोष म्हणावा, की त्याच्यामागे येणाऱ्यांचा, ते वाचकांनी ठरवावे.

२०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी म्हणून नोंदलेली माणसे पाच हजारांच्याही आत होती. कोकणातील कित्येक प्रार्थनामंदिरांची दारे आता प्रसंगानेच उघडतात. जेरुसलेम येथे जगभरच्या यहुदी समाजांच्या वह्या गोळा करणारे मध्यवर्ती दप्तरखाने १९३९ पासून काम करीत आहे. कोकणच्या वह्यांनाही तेथे किंवा मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यात जागा मिळू शकेल. पण वही दुसरीकडे न्यावयाची असली, तरी ती आधी कोणी तरी घरी जपलेली असावी लागते.

आमच्या माहितीतील एका देवस्थानाची जमाखर्चाची जुनी मोडी बाडे माळ्यावर होती. जीर्णोद्धाराच्या वेळी ती खाली काढली तेव्हा वाळवीने आतला भाग पोखरलेला होता. पुठ्ठे तेवढे हाती आले. त्या बाडांत नंदादीपाचे तेल कोण देई, पालखीला खांदा कोणाचा, दुष्काळात कोणत्या घरांस धान्य गेले, हे सारे असणार होते. नवे शिखर सुरेख झाले आहे. दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. त्यांच्या आजोबांची नावे मात्र गेली. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांची नावे त्र्यंबकेश्वरास किंवा गयेस उपाध्यायांच्या वह्यांत असतील. गावाची, देवळाची वही त्यांच्यापाशी नाही.

तेव्हा केहीमकरांचा ग्रंथ ज्यास मिळेल त्याने तो वाचावा, त्याच्याशी वाद घालावा, आणि वाचून झाल्यावर आपल्या देवस्थानाच्या माळ्यावर एकदा चढून पाहावे. मोडी वाचणारे वृद्ध अद्याप कोठे कोठे आहेत. त्यांच्या हयातीतच त्या बाडांच्या नकला झाल्या पाहिजेत.